स्कीच्या उतारावर भेटणारी माणसं: ओळखायची कशी, सांगायचं काय

तांबडी_माती, टिळकवाडी

दिवाळी झाली की आपल्याकडे बर्फाचे बेत सुरू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची टोळकी उत्तराखंडातल्या औलीची नाहीतर काश्मीरातल्या गुलमर्गची तिकिटं बघायला लागतात. औलीला ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. गुलमर्ग आणि मनालीच्या सरकारी संस्थांत पायाभूत कोर्स साधारण १४ दिवसांचा. उतार कुठलाही असू दे, त्यावर भेटणारी माणसं ठरलेली. चार दिवस उतारावर काढले की लांबून नुसत्या उभं राहण्यावरून माणसाची जात नव्हे, प्रकार कळतो.

या धाग्यावर ते प्रकार लिहूया. खरं नुसतं नाव ठेवून थांबू नका. प्रत्येक प्रकारामागं काहीतरी कारण असतंय: न बसणारा बूट, भीती, नाहीतर कुणीतरी सांगितलेला चुकीचा शब्द. ते कारण आणि त्यावरचा उपायही लिहा. हसायचं ते पवित्र्यावर. कुणाच्या अंगावर, वयावर, गावावर नको.

पहिला प्रकार: नांगऱ्या.

पहिल्या दिवशी सगळेच नांगऱ्ये. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि बर्फ खरवडत हळूहळू खाली. जगभर या आकाराला बर्फाचा नांगरच म्हणतात, म्हणून आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला तो एका वाक्यात समजतो. पुढच्या टोकांत मुठीएवढं अंतर, मागची टोकं खांद्यांपेक्षा बरीच रुंद, दोन्ही पायांवर सारखं वजन, आणि आतल्या कडा बर्फात किंचित टेकलेल्या. वेग कमी करायचा तर टाचा आणखी बाहेर ढकलायच्या.

वळण मात्र उलटं वाटतं. डावीकडे जायचं असेल तर उजवा पाय दाबायचा. बैलजोडी डावीकडे वळवताना उजव्या बैलाला जास्त चालावं लागतं, तसंच हे. बाहेरची स्की लांबचा रस्ता कापते, म्हणून वजन तिच्यावर.

नांगऱ्याचं बिघडतं ते एकाच जागी. उतार बघून तो घाबरतो, घाबरला की बूड मागं टाकतो, वजन मागं गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं आणि वळेनासं होतं. न वळणारी स्की आणखी जोरात पळते. मग तो आणखी मागं झुकतो. हे चक्र तोडायचं तर नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. तेवढी एक जागा सांभाळली की बाकीचं पुष्कळ आपोआप जमतं.

आखाडा_अनगोळ

मर्दा, नांगऱ्यात पण दोन पोटप्रकार आहेत. एक तालमीतला, एक खुर्चीतला.

तालमीतल्या पोराला पवित्रा शिकवावा लागत नाही. गुडघे मोडलेले, छाती पुढं, हात कमरेपुढं, नजर समोरच्यावर. स्कीवर नेमकं हेच लागतंय. कुस्तीत जसं समोरच्याच्या पायाकडं बघून चालत नाही तसं इथंही आपल्या स्कीच्या टोकाकडं बघायचं नाही, दहा-बारा मीटर पुढं बघायचं.

खरं याची पण एक खोड असती. मांडीत ताकद आहे म्हणून नांगर धरला की वरून खालपर्यंत सोडतच नाही. सारखा ब्रेक दाबून चोर्ला घाट उतरल्यागत. ब्रेक तापतात तशा मांड्या पेटतात. अर्ध्या तासात पाय थरथरायला लागतात आणि मग हाच पैलवान सपाट जागेवर पडतो. त्याला सांगायचं, उतार सरळ उतरू नको, आडवा काप. आडवं गेलं की वेग जागेवर मरतो, नांगर सैल सोडता येतो. पाच-सहा वळणं झाली की कडेला थांब, श्वास घे, मग पुढं.

खुर्चीतल्याचं उलटं. पाय ताठ, कंबर वाकलेली, हात पाखरागत वर. त्याला उतारावर न्यायचंच नाही. सपाटीवर एकच स्की घालून अर्धा तास घसरत फिरव, मग दुसऱ्या पायात. दोन्ही स्की एकदम चढवल्या की त्याला कळतच नाही कुठला पाय काय करूलालाय.

मलप्रभा_अक्का, खानापूर

दुसरा प्रकार माझ्याकडून. नवरा-बायकोची शाळा. उतार कुठलाही असो, मधल्या टप्प्यावर ही एक शाळा भरलेली असतेच. नवऱ्याचा मागच्या वर्षी कोर्स झालेला, बायको पहिल्यांदाच. ती खाली बसलेली, तो वर उभा राहून ओरडतोय, "अगं वाक! वाक जरा!" आणि ती बिचारी वाकतेय, आणखी वाकतेय, आणि प्रत्येक वेळी आणखी जोरात पडतेय.

यात चूक तिची नाही, त्या "वाक" शब्दाची आहे. मराठीत वाकायचं म्हटलं की माणूस कंबरेत वाकतो, नमस्कार करताना वाकतो तसा. कंबरेत वाकलं की बूड मागं जातं, आणि तांबडी_माती यांनी लिहिलंय तेच चक्र सुरू होतं. स्कीवर वाकायचे असतात ते घोटे आणि गुडघे. म्हणून "वाक" हा शब्दच वापरू नका. "नडगी बुटाला टेकव" म्हणा. "हात ताट धरल्यासारखे पुढे धर" म्हणा. जेवणावळीत भरलेलं ताट घेऊन चालताना आपण आपोआप गुडघे सैल ठेवतो, खांदे हलू देत नाही आणि समोर बघतो. हे सांगितलं की बायकाच काय, पुरुषांचाही पवित्रा दोन मिनिटांत सुधारतो.

दुसरी गोष्ट. ज्याला आता दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येतं तो आपला नांगर कसा जमला ते विसरलेला असतो. तो शेवटची पायरी आधी सांगतो. म्हणून पहिले दोन दिवस प्रशिक्षकाकडे द्या आणि स्वतः दुसऱ्या उतारावर जा. घरातलं माणूस शिकवत असेल तर शिकणारा पडायला लाजतो, आणि न पडता स्की शिकता येत नाही.

पडायचंही शिकवावं लागतं. तोल जातोय असं वाटलं की वरच्या बाजूला, कुशीवर, दोन्ही पाय जवळ ठेवून बसतं व्हायचं. हात मागं टेकायचे नाहीत. उठताना आधी स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, कडा बर्फात रोवायच्या, मग कमरेजवळ हात टेकून उठायचं. स्की उताराकडे तोंड करून असताना उठायला गेलं की बूड वर यायच्या आत गाडी सुटते. नाहीच जमलं तर एक स्की काढून उठायचं. पुन्हा घालताना स्की आडव्या ठेवून आधी खालच्या बाजूची घालायची, मग वरची.

जांबोटी_रान

अक्का, "ताट धर" हे लिहून भिंतीवर लावण्यासारखं आहे. +१

निपाणीचा_वारा

तिसरा: नवाकोरा. पार्किंगमधूनच ओळखू येतो. गॉगल, हेल्मेट, जर्किन, सगळ्यावरची लेबलं काढून दोन तास झालेले. आणि दहा वाजता तो बाकावर बसून बूट काढून पाय चोळत असतो.

कारण पायमोज्यात असतंय. थंडी म्हणून दोन-दोन लोकरीचे मोजे घातलेले असतात. त्यानं पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. वर दोन मोजे एकमेकांवर घासून फोड येतात ते वेगळंच. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा एकच पातळ मोजा. बुटाच्या आत मोजा आणि पाय, तिसरं काही नाही. थर्मलची पट्टी किंवा पँटची घडी आत राहिली की ती नडगीवर दाबते आणि संध्याकाळपर्यंत काळानिळा वळ उठतो. थर्मल बुटाच्या तोंडाच्या वर संपलं पाहिजे.

भाड्याचे बूट घेताना घाई करू नका. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतंय, २६.५ म्हणजे तेवढा लांब पाय. आपला नेहमीचा ८ नंबर, ९ नंबर तिथं सांगून उपयोग नाही, घरूनच पाय भिंतीला टेकवून मोजून जा. बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढायचं, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढं टेकवायची. टाचेमागं एक ते दोन बोटं जावीत. तीन गेली तर बूट मोठा. मोठा बूट पहिल्या दहा मिनिटांत छान वाटतो, म्हणून सगळे तोच उचलतात. खरं उतारावर पाय आत फिरतो, स्कीला निरोपच पोचत नाही, आणि माणूस म्हणतो मला जमत नाही.

बकलं लावायची रीत: आधी टाच जमिनीवर आपटून मागं बसवायची, मग घोट्यावरचं बकल, मग नडगीवरची, आणि चवड्यावरची सगळ्यात शेवटी आणि सैल. चवडा आवळला की पाय बधिर. उभं राहून गुडघे पुढं नेले की बोटं पुढच्या भिंतीपासून किंचित सुटली पाहिजेत. तसं झालं तर माप बरोबर.

कपड्यांवर फार खर्च करू नका. आपल्या पावसाळ्याचं चांगलं जर्किन असेल तर आत फ्लीस घालून बाहेरचा थर म्हणून चालतंय. बेळगावचा पाऊस अडवतंय ते कोरडा बर्फही अडवतंय. जीन्स मात्र नको, आणि आतून सुती बनियनही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि चेअरलिफ्टवर बसलं की तोच घाम अंगावर गार होतो. पैसे घालायचेच तर हातमोज्यांत घाला, आणि दोन जोड्या न्या.

घटप्रभा_काठ, गोकाक

खटखट्या राहिला की. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, पाय आपटतोय, आपटतोय, स्की काही अडकत नाही. शेवटी म्हणतोय बाइंडिंग खराब.

दहातल्या नऊ वेळा बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असतोय. चालताना तो दाबून खडीसाखरेसारखा घट्ट होतो. काठीच्या टोकानं किंवा बाइंडिंगच्या पुढच्या कडेवर घासून तो काढायचा. मग मागचा खटका खाली उघडा आहे ना बघायचं, बुटाचं पुढचं टोक आधी नीट बसवायचं आणि मगच टाच सरळ खाली दाबायची. आवाज एकच आला पाहिजे. टोक तिरकं बसलं असेल तर कितीही आपटा, लागत नाही. लागलंच तर पहिल्या वळणाला सुटतंय.

याचाच भाऊ पानेवाला. खिशात स्क्रू ड्रायव्हर. दोस्ताची स्की दोनदा सुटली की हा बाइंडिंग आवळून देतो. हे करू देऊ नका. स्की सुटलीच पाहिजे, तिचं ते कामच आहे. बाइंडिंग किती घट्ट ठेवायचं तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की कितपत येते यावर तक्त्यातून ठरतो. आवळलेली स्की पडताना पायाला धरून राहते आणि पीळ सगळा गुडघ्यात जातो. सारखी सुटत असेल तर आधी बर्फ बघा, मग दुकानात जाऊन तक्त्यानं लावून घ्या.

काठीची उंची बघायची सोपी पद्धत: काठी उलटी करायची, मूठ खाली, आणि चकतीच्या खाली हातानं धरायचं. कोपर काटकोनात आलं तर बरोबर.

हाडवैद्य_शहापूर

घटप्रभा यांनी गुडघ्याचं लिहिलं ते महत्त्वाचं आहे, त्यात थोडी भर.

गुडघ्याच्या आतला पुढचा बंध तुटतो तो बहुतेक वेळा मोठ्या वेगानं पडून नव्हे, तर हळू जाताना मागं बसत पडण्यानं. बूड गुडघ्यांच्या खाली गेलं, सगळं वजन खालच्या स्कीच्या मागच्या आतल्या कडेवर आलं, आणि स्की आत वळली की गुडघा पिळला जातो. म्हणून तीन गोष्टी. हात कायम पुढे ठेवा. पडायला लागलात तर पाय ताठ करू नका. घसरत असतानाच उठायचा प्रयत्न करू नका, पूर्ण थांबू द्या. हा तिसरा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो, कारण लोकांसमोर पडल्याची लाज वाटते.

दुसरी दुखापत अंगठ्याची. काठी हातात घट्ट धरून पडलं की मूठ अंगठ्याला बाहेर ढकलते आणि अंगठ्याच्या मुळाचा बंध ताणला जातो किंवा तुटतो. पडताना काठी सोडून द्यायची सवय करा. लिफ्टवर आणि झाडांतून जाताना काठीचा पट्टा मनगटात नसावा.

आणि शेवटची-एक-फेरीवाला हा प्रकार मी नोंदवतो. साडेतीन वाजलेत, मांड्या संपल्यात, सूर्य कलतोय, आणि हा म्हणतो, शेवटची एक. दुपारी ऊन लागून मऊ झालेला बर्फ सावली आली की पुन्हा गोठतो. सकाळी ज्या उतारावर कडा छान बसत होती तिथं आता काच असते. थकलेला पाय आणि टणक बर्फ एकत्र आले की हाड मोडतं. शेवटची फेरी ठरवून घेऊ नये. पाय थरथरले की जी झाली ती शेवटची.

उंचीचंही लक्षात ठेवा. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५०, औलीचे उतार २,५०० ते ३,००० च्या आसपास. पोचल्या दिवशी स्की बांधू नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर वर जाऊ नये, वाढली तर खाली यावं.

कॅम्पातला_गडी

बाण. याच्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. वर उभा राहतो, दोन्ही स्की सरळ खाली करतो, आणि सुटतो. तोंडानं "बाजूऽऽला!" पायानं काहीच नाही. थांबायचं त्याला आलेलंच नसतंय, तो कशाला तरी लागून थांबतो. जाळी, झुडूप, नाहीतर दुसरा माणूस.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वागणुकीचे १० नियम आहेत. त्यातला तिसरा नीट वाचा: वरून येणाऱ्यानं आपली वाट अशी निवडायची की खालच्याला धोका होणार नाही. खालच्याला पाठीमागं डोळे नसतात. म्हणजे "बाजूला" ओरडून बाणाची जबाबदारी संपत नाही, ओरडण्याच्या आधीच त्यानं वळायला पाहिजे होतं.

बाणाला शिकवायचं ते हे: उतारावर निघायच्या आधी तीन वेळा थांबून दाखव. नांगरानं थांब, आडवं वळून थांब, आणि दोन्ही स्की आडव्या घसरवत थांब. तीनही जमल्याशिवाय लिफ्टमध्ये बसायचं नाही. स्की आडव्या उभ्या करून घोटे सैल केले की माणूस कुशीच्या दिशेनं खाली सरकतो आणि पुन्हा कडा लावली की थांबतो. हे आडवं सरकणं ज्याला आलं तो कुठल्याही अवघड जागेतून खाली उतरू शकतो. जोरात जायला शिकण्याच्या आधी हे शिका.

बाणाची गिऱ्हाइकं म्हणजे मधोमध बसलेलं भजनी मंडळ. आठ-दहा जण उताराच्या मध्यात, तेही उंचवट्याच्या खाली, जिथं वरून दिसत नाही अशा जागी बसलेले. कुणी संत्रं सोलतोय, कुणी बकल सैल करतोय. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसेल तिथं. कुणी पडलाच असेल तर त्यानं लवकरात लवकर मधली जागा मोकळी करायची. पुन्हा निघताना आधी मान वळवून वर बघायचं.

फौजेबद्दल दोन ओळी. गुलमर्गला लष्कराचं उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारं विद्यालय आहे, औलीला आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलिसांची) संस्था आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच असल्यामुळं उतारावर एखादा जवान मराठीत बोलताना ऐकू आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्यांच्या रांगेच्या मधून जाऊ नका, पाठीवर ओझं असतं आणि टाच मोकळी असणाऱ्या स्कीवर पटकन थांबता येत नाही.

जांबोटी_रान

लिफ्टवरचे लोक कुणी सांगेल काय? टी-बारवर, म्हणजे उतारावर वर ओढत नेणाऱ्या त्या लोंबत्या दांड्यावर, बसायचं असतंय की नाही?

मलप्रभा_अक्का, खानापूर

नाही, बसायचं नसतं! नाव बार, दिसतो झोपाळ्यासारखा, म्हणून झोपाळेवाले बसायला जातात आणि बार खाली जाऊन बुडाखाली बर्फ येतो. तो फक्त मागून ढकलतो. उभं राहायचं, गुडघे सैल, स्की समांतर, आधीच्यांच्या खाचेत. काठ्या एका हातात, दुसऱ्या हातानं बार धरायचा. पडलात तर बार सोडा आणि लगेच लोळत बाजूला व्हा, कारण मागचा येतोय.

चेअरलिफ्टला पट्टे मनगटातून काढा, पाठपिशवी पुढं घ्या, लोंबणारे बंद आत खोचा. वर पोचताना स्कीची टोकं उचला, उभं राहा, आणि सरळ पुढं जात राहा. उतरल्यावर तिथंच थांबून हातमोजे घालणारे फार. पुढची खुर्ची त्यांच्या पाठीत येते.

निपाणीचा_वारा

तासाचे पाहुणे विसरू नका. गुलमर्ग, मनालीजवळच्या सोलांगला हे जास्त. भाड्याचा लांब कोट, गमबूट, एका तासासाठी स्की. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं, म्हणून समजून घ्या. एकच गोष्ट हात जोडून सांगायची: स्कीच्या वाटेवरून चालू नका, कडेनं चाला. गमबुटानं पडलेला खड्डा रात्री गोठतो आणि सकाळी त्यात कुणाची तरी स्की अडकते.

फोटो काढणाऱ्यांना: थंडीत मोबाईलची बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेरच्या खिशात ठेवलात तर दुपारी गाडीवाल्याला फोन करायलाही चार्ज राहणार नाही.

गॉगल कपाळावर चढवणारेही यातच. कपाळाचा घाम आत जातो, काच धुरकटते, मग हातमोज्यानं आतून पुसतात आणि आतला थर खरवडतो. गॉगल एकतर डोळ्यावर, नाहीतर पिशवीत. आणि ढग आहेत म्हणून तो काढू नका. दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून ऊन खालूनही लागतं. क्रीम हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खाली लावा, तिथंच सोलटतं.

तांबडी_माती, टिळकवाडी

गुलमर्गचा एक प्रकार वेगळा लिहायला हवा. भुकटीवाले. परदेशी, दाढीवर बर्फ, पायात रुंद स्की, पाठीवर फावडं. गोंडोलाच्या (बंद डब्यांच्या रोपवेच्या) पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला, दुसऱ्या टप्प्यानं अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर जायचं आणि न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फातून खाली यायचं. बघायला फार सुंदर दिसतं. वळणामागून बर्फाचा पडदा उठतो आणि आवाज अजिबात होत नाही.

खरं त्यांच्या मागोमाग जाणारा आपला "आपल्याला काय होतंय"वाला मला काळजीचा वाटतो. पायाभूत कोर्स झालाय, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट मिळालंय, समोर कुणाचे तरी ताजे माग दिसतायत. माग दिसले म्हणून उतार सुरक्षित होत नाही. हिमप्रपात बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीला गोड वाटणारा उतार नेमका तोच असतो. पहिला माणूस गेला तरी थर टिकतो, पाचव्याच्या वजनानं तुटतो.

भुकटीवाल्यांकडे तीन वस्तू असतात: अंगावर बांधलेला ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून बघायची घडीची लांब सळई, फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे लागतात, गटात एक असून चालत नाही, कारण ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला तर? ट्रान्सीव्हर निघतानाच प्रक्षेपणावर ठेवायचा. मोबाईल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. म्हणजे खालून मदत येईपर्यंत वेळ नसतो, सोबत्यांनीच काढायचं असतं. हे सामान, त्याचा सराव आणि स्थानिक वाटाड्या, यातलं एकही नसेल तर दुसऱ्या टप्प्यावरून डोंगर बघा आणि गोंडोलानंच खाली या. स्की पेट्रोलचा (उतारावरच्या सुरक्षा पथकाचा) त्या दिवसाचा इशारा सकाळी वाचायचाच.

घटप्रभा_काठ, गोकाक

सगळ्यात आवडता प्रकार राहिला: गावची पोरं. पाच-सहा वर्षांची, वाहत्या नाकाची, मोठ्या भावाच्या जुन्या स्कीवर. काठ्या नाहीत. आपण एक वळण घेईपर्यंत चार वेळा खाली जाऊन येतात. त्यांचा पवित्रा मात्र उचलू नका. लहान मुलाचं डोकं जड, पाय आखूड, म्हणून ती थोडी मागं बसूनही तोल सांभाळतात. मोठ्यानं तसं केलं की हाडवैद्यांनी लिहिलंय तसा गुडघा पिळला जातो.

याच पोरांतून पुढं खेळाडू होतात. गुलमर्गच्या परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकुलता एक खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये (खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत) ४५ वा आला. मनालीकडच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्य मिळवलं. आणि बर्फ नसलेल्या मुलखाचं काय म्हणाल तर आपल्याच कर्नाटकातल्या कोडगूची भवानी क्रॉस-कंट्री स्कीत (सपाटीवरून, चढउतारांवरून लांब अंतर कापायच्या स्कीत) देशात पुढं आलीय. कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली मुलगी ते करते, तर ऊस-तंबाखूच्या मुलखातल्यांना कोण अडवतंय?

हां, आणि खिशात काय ठेवायचं कुणी विचारलं तर करदंट. डिंक, गूळ, सुकामेवा, उतारावर यापेक्षा चांगलं काही नाही. फक्त आतल्या खिशात ठेवा आणि घरूनच बारीक तुकडे करून न्या. बाहेरच्या खिशात राहिलं तर दातालाच आव्हान. कुंदा खोलीवर ठेवा, संध्याकाळी चहाबरोबर.

आखाडा_अनगोळ

यूट्यूब-पंडित थोडक्यात. सगळी नावं तोंडपाठ, गुडघा मात्र वाकत नाही. त्याला बेळगावातच कामाला लावा. सहा आठवडे आधीपासून: भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यागत बसणं, एक मिनिट, तीन वेळा. पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरणं, दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा. आठवड्यातून दोनदा राजहंसगड. चढण्यापेक्षा तिथून उतरणं महत्त्वाचं, कारण स्कीवर मांडी ताणत जाऊन वजन पेलते, आणि ते काम उतरतानाच होतं. पळत उतरायचं नाही, गुडघे मोडून, आवाज न करता.

निपाणीचा_वारा

एक भाषेचा प्रश्न. ओलांडून जाताना ओरडायचं कुठल्या भाषेत? आपल्या टोळक्यात निम्मे "डावीकडून" म्हणतात, निम्मे कन्नडात "एडगडे", आणि पुढचा माणूस गढवाली नाहीतर गुजराती असतोय.

कॅम्पातला_गडी

हिंदीत, "बाएँ से" नाहीतर "दाएँ से". एकदाच, स्पष्ट, आणि लांबूनच. नवखा माणूस शब्द ऐकला की त्याच बाजूला बघतो, आणि जिकडं बघतो तिकडंच त्याची स्की जाते. म्हणून ओरडून झाल्यावरही दोन स्कीच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडूनच ओलांडायचं. जागा नसेल तर ओलांडायचं नाही, मागं थांबायचं.

तांबडी_माती, टिळकवाडी

टोळक्याला हेच दोन शब्द ठरवून देतो. जाणाऱ्यांसाठी: गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट दिल्लीत निजामुद्दीनला जाते, तिथून हरिद्वार-ऋषिकेश, पुढं जोशीमठपर्यंत रस्त्यानं साधारण २५० किमी, म्हणजे घाटातला अख्खा दिवस धरा. जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर जोशीमठ-औली रोपवे बंद पडला, तेव्हा वरचे साधारण १५ किमीही गाडीनंच जायचं धरून आखणी करा. बर्फ पडला की टायरला साखळी लागते, गाडी ठरवतानाच चालकाला ती आहे का विचारा.

यूट्यूब-पंडितांसकट सगळ्यांनी रविवारी सकाळी सहाला राजहंसगडाच्या पायथ्याला यावं. पाय भिंतीला टेकवून मोजलेलं माप सेंटिमीटरमध्ये लिहून आणा, दोन्ही पायांचं, मोठा येईल तो धरायचा.